सांगितले, सांगून टाकले, सांगून बसला

भाषा अस्सल वाटते ती म्हणींच्या पेरणीमुळे, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात मराठी कानाला परकेपणा जाणवतो तो बहुधा क्रियापदाच्या शेपटाशी. ‘त्याने खरे सांगितले’ हे वाक्य केवळ घटना नोंदवते, पण ‘सांगून टाकले’ म्हणताच मनावरचे ओझे एकदाचे उतरल्याचे कळते, ‘सांगून ठेवले’ म्हटल्यास पुढची तजवीज दिसते, ‘सांगून पाहिले’ यात ऐकणाऱ्याने दाद न दिल्याची शंका डोकावते आणि ‘सांगून बसला’ यात तर बोलणाऱ्याने कपाळावर हातच मारलेला असतो.

या रचनेला संयुक्त क्रियापद म्हणतात: ‘सांगून’ हे ऊन-प्रत्ययान्त रूप मुख्य अर्थ वाहते, तर पुढचे टाकणे, ठेवणे किंवा बसणे आपला मूळ अर्थ बाजूला ठेवून बोलणाऱ्याची वृत्ती सुचवते. ‘पत्र वाचून कचऱ्यात टाकले’ यात दोन क्रिया आहेत, ‘पत्र वाचून टाकले’ यात सहसा एकच, कारण तिथे काहीही फेकलेले नसते. शब्दकोशात ‘बसणे’ पाहून ‘बोलून बसला’ मधला पस्तावा कोणाला उमगणार नाही. अनुवादक मग ‘चुकून बोलला, जे त्याने बोलायला नको होते’ असे लांबण लावतो, जे व्याकरणशुद्ध असूनही बेचव लागते.

अशा रचना दक्षिण आशियातील अनेक भाषांत आढळतात, आणि भाषाशास्त्रज्ञ कॉलिन मासिका यांनी 1976 च्या ग्रंथात या प्रदेशाच्या समान भाषिक लक्षणांत त्यांची चर्चा केली आहे. तरीही प्रत्येक भाषेची सवय निराळी असते. हिंदीत ‘बता दिया’ अगदी सहज येते, परंतु त्याच धर्तीवर ‘सांगून दिले’ म्हटले की मराठी माणूस अडखळतो, कारण इथे साधे ‘सांगितले’ पुरते.

सर्वांत सूक्ष्म पारख नकारात होते. ‘त्याने खरे सांगून टाकले’ याचा नकार ‘सांगितले नाही’ असाच होतो. ‘सांगून टाकले नाही’ हे ऐकायला विचित्र वाटते, बहुधा न घडलेल्या गोष्टीतून सुटका होण्याचा प्रश्नच नसल्यामुळे. मात्र ‘सांगून का टाकत नाहीस?’ हे बिनदिक्कत चालते, कारण तो दिसायला नकार असला तरी मुळात आग्रह असतो. हे नियम शाळेत कोणी शिकवत नाही, तरी पहिलीतले मूलही ते बिनचूक पाळते.