लाज वाटतेय? स्टेशनचं नाव ओरडा!

नवीन पनवेलहून लोकल पकडलीत, पण डोक्यात कालचंच प्रेझेंटेशन! एक आकडा चुकला आणि कान गरम, छातीत धडधड, तोंडातून शब्द फुटेना. हा भित्रेपणा नाही, बॉस! मज्जासंस्थेने धोक्याची घंटा वाजवली, जणू समोर वाघच. श्वास सावकाश सोडा. व्हेगस नर्व्ह ठोके आवरते. पुढचं काम अनुभवाचं. 1955 मध्ये विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडणारे न्यूयॉर्कचे अल्बर्ट एलिस पेशंटना चक्क ट्रेनमध्ये स्टेशनांची नावं ओरडायला लावत. लोक बघतात, विसरतात. आपण मात्र शिकतो : लाज वाटली तरी निभावतं.

लाज खोल रुतली असेल, तर समुपदेशक सोबत हवाच. एरवी उद्या हार्बरवर ट्राय करा : ‘खांदेश्वर... मानसरोवर!’ चार माना वळतील. खारघर येईतो पुन्हा मोबाइलमध्ये!