पडद्यावर दिसलेली घरचीच माणसे

आपले आवडते चित्रपट कोणते, असा प्रश्न नातवंडांनी परवा आम्हांस विचारला. आम्ही चटकन दोन नावे सांगितली, आणि मुले हसू लागली. दोन्ही बोलपट आमच्या जन्माच्या वीस वर्षे आधीचे. हल्लीचे काहीच आवडत नाही काय, असा त्यांचा आक्षेप. तो खोटा नव्हे. परंतु करमणूक करणारा चित्रपट निराळा आणि अंतःकरणात घर करून राहणारा निराळा. या दोहोंनी आमच्या मनात घर का केले, ते त्या मुलांस तोंडी नीट सांगता आले नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे गाव आसेगाव. हल्ली ते वाशिम जिल्ह्यात मोडते. १९९८ साली तो जिल्हा वेगळा होईपर्यंत आम्ही अकोला जिल्ह्यातले. आमच्या बालपणी गावात चित्रगृह असण्याचा प्रश्नच नव्हता. यात्रेच्या दिवसांत मंगरूळपिरास तंबूचा सिनेमा येई, आणि बैलगाडीत कडबा पसरून त्यावर सतरंजी टाकून घरची मंडळी निघत. आमचे वडील, ज्यांस सारे घर नाना म्हणे, सिनेमास सहसा अनुकूल नसत. परंतु १९६७ साली तंबूत ‘संत तुकाराम’ लागला, तेव्हा त्यांनी स्वतःच गाडी जुंपावयास सांगितले. आम्ही तेव्हा नऊ वर्षांचे होतो.

पुण्याच्या प्रभात कंपनीने हा बोलपट १९३६ साली काढला. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल हे त्याचे दिग्दर्शक. पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले होते, आणि गौरी या नटीने जिजाई साकारली होती. मुंबईत एकाच चित्रगृहात तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली इटलीतील व्हेनिसच्या चित्रपट-महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्या वेळी आम्हांस यातले काही ठाऊक नव्हते. आम्हांस दिसली ती जिजाई. देवावर चिडून, हाती वहाण घेऊन देवळात शिरणारी. म्हशीवर जीव टाकणारी. पती वैकुंठास निघाला तरी चूल आणि पोरे ज्यांची त्यांना सोडवत नाहीत अशा बायकांपैकी एक. तंबूतल्या बाया तिच्या प्रत्येक वाक्याला हसत होत्या. आमची आई मात्र हसता हसता पदराने डोळे पुसत होती. ते का, हे आम्हांस तेव्हा कळले नाही.

मध्यरात्री घरी परतल्यावर नानांनी कंदील पुढे ओढून गाथा उघडली. चित्रपटातले एक पद त्यांस फार भावले होते आणि तो अभंग कोणता, हे शोधून काढल्याशिवाय त्यांस झोप येईना. पुढे पुष्कळ वर्षांनी आम्हांस कळले की ते पद गाथेतले नव्हेच. शांताराम आठवले यांनी ते रचले होते, आणि ते तुकोबांच्या वळणाचे इतके साधले होते की भले भले फसले. त्या रात्री नाना पाने उलटीत बसले होते आणि आई, दिवसभर गाडीत हाडे खिळखिळी झालेली असताना, चूल पेटवून सर्वांसाठी पिठले टाकीत होती. ती आतून म्हणाली, “अभंग सापडला म्हणजे जेवायला या.”

नाना हसले. आम्हीही हसलो. परंतु ते वाक्य आम्ही नुकतेच तंबूत ऐकल्यासारखे वाटले. जी जिजाई आम्ही गाडी जुंपून पाहून आलो, ती आमच्याच स्वयंपाकघरात होती.

दुसरा बोलपट ‘कुंकू’. त्याविषयी लिहिताना लेखणी थोडी अडखळते, कारण त्याचा संबंध आमच्या आत्याशी आहे. ती आता हयात नाही, नानाही नाहीत. म्हणूनच हे लिहिता येते.

वृद्धाने कोवळ्या मुलीशी लग्न लावावे, ही आपल्या समाजाची जुनी व्यथा. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ साली ‘संगीत शारदा’ रंगभूमीवर आणून तिच्यावर बोट ठेवले. पुढे हरविलास सारडा यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा १९३० पासून अमलात आला आणि मुलीचे वय चौदा, मुलाचे अठरा अशी मर्यादा पडली. परंतु चौदा वर्षांच्या मुलीस पन्नाशीचा वर असू नये, असे त्या कायद्यात कोठेही नव्हते. देवलांच्या शारदेचे लग्न वेळेवर मोडते आणि प्रेक्षक सुखाने घरी जातात. १९३७ साली व्ही. शांताराम यांनी ‘कुंकू’ काढला, तो नारायण हरि आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून. येथे लग्न मोडत नाही. ते लागून जाते, आणि खरी कथा तेथून सुरू होते. शांता आपटे यांची नीरा त्या वृद्ध वकिलास पती मानावयाचे साफ नाकारते. केशवराव दाते यांचे काकासाहेब प्रथम संतापतात, मग लाजतात, आणि शेवटी आपली चूक उमगून खचून जातात. विधवा आणि समाजकार्यात पडलेली त्यांची मुलगी नीरेची बाजू घेते. ती भूमिका रँग्लर परांजपे यांच्या कन्या शकुंतलाबाई यांनी केली होती.

आमच्या आत्याचे लग्न १९३८ च्या वैशाखात झाले. तिला चौदावे संपलेले, यजमान सत्तेचाळीस वर्षांचे बिजवर. १९४२ साली ती विधवा होऊन माहेरी परतली, आणि पुढली सारी वर्षे आमच्या माजघरात वावरली. आमच्या तोंडात पहिला घास तिने घातला, पहिली अक्षरे तिने गिरवून घेतली. तिला काही दुःख असेल, असा विचार आम्हां भावंडांपैकी कोणाच्याही मनास शिवला नव्हता. घराच्या खांबास कोण विचारतो?

१९८७ च्या भाद्रपदात, महालक्ष्म्यांच्या सणास, सारे घर जमले होते. मुलांनी एका रात्रीपुरता रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ भाड्याने आणण्याचा घाट घातला. पुतण्या अकोल्यास शिकत होता; त्यास नाना म्हणाले, “तुमचे हिंदी काय ते आणा, पण एक ‘कुंकू’ मिळाला तर पाहा.” तो मिळाला. मुले पहिल्या पाव तासातच पेंगली. त्या बोलपटात पार्श्वसंगीताचा आधार घेतलेला नाही. घड्याळाची टिकटिक, पावले, माणसांचे शब्द, एवढेच ऐकू येते. ओसरीवर त्याखेरीज दुसरा आवाज नव्हता. आत्या दाराच्या चौकटीशी बसून पाहत होती. नेहमीप्रमाणे अर्धी आत, अर्धी बाहेर.

चित्रपट संपला. कोणी तरी टीव्ही बंद केला. तेव्हा अंधारात नाना म्हणाले, “गोदे, हा मी अमरावतीस पाहिला होता. कॉलेजात असताना. तुझ्या लग्नाच्या आधी.”

पुष्कळ वेळ कोणी बोलले नाही. मग आत्याने विचारले, “मग घरी का नाही बोललास?”

“वडिलांपुढे बोलायची छाती झाली नाही.”

“वडिलांना नसतं सांगितलंस तरी चाललं असतं,” आत्या म्हणाली. “मला सांगायचं होतंस. नाही म्हणता येतं, एवढं तरी कळलं असतं.”

तिच्या स्वरात राग नव्हता. ती उठली आणि दुधास विरजण लावावयास आत गेली.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत नानांनी दोन एकर जमीन आत्याच्या नावे करून दिली. आत्याने सातबाऱ्याचा तो कागद वाचूनही पाहिला नाही. घडी घालून पेटीत ठेवला.

आम्ही थोडेफार संस्कृत शिकलो आहोत. रसचर्चेत भट्टनायकाने साधारणीकरण म्हणून एक व्यापार सांगितला आहे. काव्यातले दुःख अमक्या एका व्यक्तीचे न राहता सर्वसाधारण होते, म्हणून तर आपण त्याचा आस्वाद घेऊ शकतो. हे खरे आहे. परंतु त्या रात्रीपासून आम्हांस असे वाटते की, सर्वांचे झालेले दुःख कोणाचेच न उरण्याची भीती तेथेच असते. नानांनी अमरावतीस नीरेसाठी अश्रू गाळले असतील आणि मित्रांपाशी नटीची वाखाणणीही केली असेल. मात्र तो रस चित्रगृहाच्या दारातच संपला, घरच्या नीरेपर्यंत पोहोचला नाही. राजशेखराने काव्यमीमांसेत म्हटले आहे की, काव्यपुरुषाने साहित्यविद्येशी विवाह केला तो विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात, म्हणजे आमच्या वाशिमास, आणि तोही गांधर्व पद्धतीने, परस्परांच्या संमतीने. त्याच मुलखात आत्याची संमती कोणी विचारली नाही, आणि नाना तर काव्यमीमांसेचे वाचक होते.

नानांस दोष देणे सोपे आहे. आम्ही स्वतः शाळेत मास्तर होतो. सातवीनंतर मुलीचे नाव काढावयास पालक येत, तेव्हा त्या रात्रीची आठवण होऊन आम्ही काही घरी गेलो, उंबरठ्यावर बसून बोललो. दोनदा यश आले. तिसऱ्या खेपेस मुलीचे वडील जुने स्नेही निघाले. आम्ही चहा घेतला, पावसापाण्याच्या गोष्टी केल्या आणि परत आलो. यश आले ते दोन प्रसंग आता धूसर झाले आहेत. तो चहा मात्र स्पष्ट आठवतो.

आता असा एखादा जुना बोलपट पाहावयाचा तर गाडी जुंपावी लागत नाही, व्हिडिओ भाड्याने आणावा लागत नाही. हातातल्या फोनवर तो मिळतो, आणि जो तो आपापल्या कोपऱ्यात पाहतो. त्यास आमची हरकत नाही. वाचकांस एवढेच सुचवितो की, येत्या सणास घर जमेल तेव्हा असा एखादा बोलपट सर्वांनी मिळून पाहावा. घरातल्या सर्वांत वृद्ध स्त्रीस चौकटीशी नव्हे, पुढे बसवावे. आणि तो संपल्यावर लगेच दुसरा लावू नये. घटकाभर तसेच बसावे. कदाचित कोणास काही सांगावयाचे असेल.