जग बिघडल्याच्या गोष्टी मुलांना का खेचून घेतात? ‘हंगर गेम्स’ ते ‘साइथ’ : नव्या कल्पनेचं गणित

१८ मार्च २०२५ रोजी अमेरिकन लेखिका सुझान कॉलिन्स यांची ‘सनराइज ऑन द रीपिंग’ ही कादंबरी बाजारात आली. पहिल्याच आठवड्यात तिच्या इंग्रजी आवृत्तीच्या जगभरात १५ लाखांहून अधिक प्रती खपल्या. ‘हंगर गेम्स’ मालिकेतलं हे पाचवं पुस्तक. मालिका सुरू झाली २००८ मध्ये, आणि या पुस्तकातल्या स्पर्धेत कोण जिंकणार हे वाचकांना आधीपासून ठाऊक होतं. तरीही मुलं त्यावर तुटून पडली.

याच प्रकारातल्या कितीतरी मालिका मधल्या काळात आल्या आणि विसरल्याही गेल्या. घरातली मोठी माणसं ‘मारामारीची पुस्तकं’ म्हणून हा प्रकार बाजूला सारतात. पण यातलं काय टिकलं आणि काय गळालं हे पाहिलं, तर वाचणारी पोरं चांगलीच चोखंदळ असल्याचं लक्षात येतं.

डिस्टोपिया म्हणजे नेमकं काय?

बाहेरून रामराज्य, आतून तुरुंग असं कल्पित राज्य म्हणजे डिस्टोपिया. जॉर्ज ऑर्वेल यांची १९४९ ची ‘नाइंटीन एटी-फोर’ हे त्याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. तीच कल्पना १२ ते १८ वर्षांच्या वाचकांसाठी लिहिली, की ती ‘यंग अ‍ॅडल्ट डिस्टोपिया’ होते. १९९३ मध्ये आलेल्या लोइस लौरी यांच्या ‘द गिव्हर’ने ही वाट मोठी केली. त्या गावात भांडण नाही, उपासमार नाही. पण रंग दिसत नाहीत आणि जुन्या आठवणी एकाच माणसाकडे ठेवलेल्या आहेत. त्या सांभाळण्याचं काम १२ वर्षांच्या मुलावर येतं.

या कादंबऱ्यांची बांधणी बहुतेक सारखीच असते. आजच्या जगातली एक गोष्ट उचलायची, तिचा सरकारी नियम करायचा आणि त्याची किंमत एका पोराला मोजायला लावायची. कल्पना ताजी आहे की शिळी, हे त्या नियमावर ठरतं.

चिठ्ठीमागचा हिशेब

‘हंगर गेम्स’मधल्या पॅनेम देशात १२ जिल्हे राजधानीच्या टाचेखाली आहेत. दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी काढून निवडतात. अशा २४ जणांना एकमेकांना मारायला लावतात, शेवटी एकच उरतो आणि हे सगळं टीव्हीवर थेट दाखवलं जातं. टीव्हीवर चॅनल बदलताना एकीकडे रिअ‍ॅलिटी शो आणि दुसरीकडे इराक युद्धाची दृश्यं पाहिली, त्यातून ही कल्पना सुचली असं कॉलिन्स यांनी सांगितलं आहे.

मुलांना जिवावर उठवणारा खेळ जपानी लेखक कोशुन ताकामी यांच्या ‘बॅटल रॉयल’मध्ये १९९९ सालीच आला होता. कॉलिन्स यांच्या पुस्तकात ताजी आहे ती चिठ्ठीची पद्धत. बाराव्या वर्षी प्रत्येकाच्या नावाची एक चिठ्ठी पडते आणि दरवर्षी एक वाढते. पण घरात खायला नसेल, तर जादा चिठ्ठी टाकून एका माणसापुरतं वर्षभराचं थोडं धान्य आणि तेल मिळतं. या जादा चिठ्ठ्याही दरवर्षी साचत जातात. नायिका कॅटनिस घरातल्या तिघांसाठी धान्य घेते, म्हणून सोळाव्या वर्षी तिच्या नावाच्या २० चिठ्ठ्या असतात. मोठ्या कुटुंबाचा भार वाहणाऱ्या तिच्या मित्राच्या ४२. सुखवस्तू घरातल्या तेवढ्याच वयाच्या मुलीच्या फक्त पाच.

म्हणजे सोडत वरवर सगळ्यांना सारखी, पण गरिबाचं नाव निघण्याची शक्यता कितीतरी जास्त. अन्याय हिशेबात कसा लपवतात, हे कुठल्याही भाषणापेक्षा या आकड्यांतून पोरांना पटकन कळतं.

नक्कल आली, वाचक गेला

‘हंगर गेम्स’ चालल्यावर प्रकाशकांनी या प्रकाराचा सपाटाच लावला. त्यातल्या काही कल्पना खरोखर चांगल्या होत्या. वेरोनिका रॉथ यांच्या ‘डायव्हर्जंट’मध्ये (२०११) सोळाव्या वर्षी पाचपैकी एक गट निवडावा लागतो आणि गट बदलला तर घर सुटतं. दहावीनंतर सायन्स, कॉमर्स की आर्ट्स या प्रश्नाने रडकुंडीला आलेल्या आपल्याकडच्या मुलांनाही हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पुढे मात्र बंडखोर मुलगी, दोन मुलांत अडकलेलं मन आणि शेवटी क्रांती हा साचाच उरला. नियमामागचा प्रश्न हरवला. ‘डायव्हर्जंट’वरचा तिसरा चित्रपट २०१६ मध्ये पडला आणि ठरलेला शेवटचा भाग निघालाच नाही. एका दुकानाची मिसळ चालते म्हणून शेजारी दहा दुकानं उघडली, की गिऱ्हाईक शेवटी तर्रीची चव बघतं, तसंच हे.

प्रश्न बदलला, वाचक परतला

त्याच २०१६ मध्ये नील शस्टरमन यांची ‘साइथ’ आली. यात मरण संपलं आहे. रोग नाही, गरिबी नाही, आणि जगाचा कारभार करणारी कृत्रिम बुद्धिमत्ता चक्क प्रामाणिक आहे. लोकसंख्या आवरण्यासाठी काही माणसांना ठार करण्याचं काम तेवढं ‘साइथ’ म्हणवणाऱ्या माणसांकडे आहे, आणि त्यात यंत्राला ढवळाढवळ करता येत नाही. सडतो तो नेमका हाच भाग. यंत्र वाईट आणि माणूस चांगला, हा ठरलेला मामला इथे उलटा होतो.

कॅनडातल्या मेटी समाजाच्या लेखिका चेरी डिमलाइन यांनी ‘द मॅरो थीव्ज’मध्ये (२०१७) कल्पना इतिहासातून घेतली. जगाला स्वप्नं पडायची थांबली आहेत. ती फक्त आदिवासींना पडतात, म्हणून त्यांच्या हाडांतल्या मगजासाठी त्यांची शिकार होते. पकडून नेलेल्यांना जिथे ठेवतात, त्या जागांना ‘शाळा’ म्हणतात. कॅनडात दीड लाखांहून अधिक आदिवासी मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत घातलं गेलं होतं. ती जखम या शब्दामागे आहे.

कॉलिन्स यांच्या २०२५ च्या पुस्तकाचं उत्तरही इथेच सापडतं. त्यातल्या पन्नासाव्या खेळाचं चित्रण वाचकांनी २००९ च्या ‘कॅचिंग फायर’मध्ये पाहिलेलं होतं. ते सरकारने कापून-जोडून दाखवलं होतं, हे नव्या पुस्तकातून उघड होतं. सोळा वर्षं वाचक स्वतःच फसले होते! मोबाइलवर रोज कापलेल्या क्लिपा पाहणाऱ्या पिढीला हा धडा थेट लागू पडतो.

पुस्तकाबाहेर

या गोष्टी पानांत राहत नाहीत. मे २०१४ मध्ये थायलंडमध्ये लष्कराने सत्ता घेतली, तेव्हा निदर्शकांनी ‘हंगर गेम्स’मधली तीन बोटांची खूण उचलली. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये पंतप्रधानांसमोर ती करणाऱ्या पाच विद्यार्थ्यांना ताब्यात घेण्यात आलं. २०२१ मध्ये म्यानमारच्या रस्त्यांवरही तीच खूण दिसली.

घरात मूल असं पुस्तक वाचत बसलं असेल, तर त्यात किती जण मरतात हे विचारण्यात फारसा अर्थ नाही. त्या राज्यातला मुख्य नियम कोणता, आणि त्याचा फायदा कोणाला होतो, एवढं विचारून पाहावं. मुलं बहुधा लगेच सांगतात. आणि पुढचा प्रश्न तीच आपल्याला विचारतात.