28 सेकंद आणि चाहत्याचे मन

सामना

18 जून 2013 रोजी मायामी येथे एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या अंतिम मालिकेतील सहावा सामना मायामी हीट आणि सॅन अँटोनिओ स्पर्स यांच्यात झाला. सात सामन्यांच्या मालिकेत स्पर्स 3-2 असे पुढे होते. हा सामना जिंकताच विजेतेपद त्यांचे होणार होते. चौथ्या सत्राचे 28.2 सेकंद उरले असताना गुणफलक 94-89 असा स्पर्सच्या बाजूने होता. करंडक समारंभासाठी मैदानाच्या कडेला पिवळे दोर आणले गेले आणि हीटचे अनेक चाहते दाराकडे निघाले. भारतात ही 19 जूनची सकाळ होती.

उठून जाण्यामागील गणित

बाहेर पडणाऱ्यांची नंतर बरीच थट्टा झाली, पण त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. चेंडू मिळाल्यापासून 24 सेकंदांत फेक करावी लागते, म्हणजे आघाडीवरील संघ शेवटच्या 28 सेकंदांपैकी बहुतेक वेळ चेंडू हाती ठेवूनच काढू शकतो. ते टाळण्यासाठी मागे पडलेला संघ मुद्दाम फाउल करतो. घड्याळ थांबते, प्रतिस्पर्ध्याला प्रत्येकी एका गुणाचे दोन फ्री थ्रो मिळतात आणि त्यानंतर चेंडू परत येण्याची संधी असते. हा मार्ग यशस्वी होण्यासाठी समोरच्याचे फ्री थ्रो हुकावे लागतात आणि आपल्या तीन गुणांच्या फेकी साधाव्या लागतात. दोन्ही एकाच वेळी घडणे दुर्मीळ.

त्या रात्री दोन्ही घडले. स्पर्सच्या मनू जिनोबिलीचा दोनपैकी एक फ्री थ्रो आधीच हुकला होता. हीटच्या लेब्रॉन जेम्सची तीन गुणांची पहिली फेक वाया गेली, पण रिबाउंड, म्हणजे हुकून परतलेला चेंडू, हीटकडेच आला आणि दुसरी फेक साधली: 94-92. स्पर्सच्या क्वाय लिओनार्डनेही दोनपैकी एकच फ्री थ्रो साधला: 95-92. जेम्सची पुढची फेक हुकली, ख्रिस बॉशने रिबाउंड पकडून चेंडू रे ॲलनकडे दिला आणि ॲलनने मागे सरकत उजव्या कोपऱ्यातून फेक केली. 5.2 सेकंद उरले असताना 95-95. दोन्ही हुकलेले फ्री थ्रो साधले असते, तर एवढे सारे होऊनही स्पर्स 97-95 असे पुढे राहिले असते. रिबाउंड पकडू शकणारा टिम डंकनसारखा उंच खेळाडू त्या क्षणी बाकावर का होता, हा वाद स्पर्सच्या चाहत्यांत पुढेही चालू राहिला.

आनंदाची तीव्रता

चाहता गुणफलकाला जितका प्रतिसाद देतो, त्याहून अधिक अपेक्षेतील बदलाला देतो. सुरुवातीपासून बरोबरीत चाललेल्या सामन्यातील 95-95 आणि हरलेला मानून सोडलेल्या सामन्यातील 95-95 हे आकडे सारखे, अनुभव वेगळे. मानसशास्त्रज्ञ डॉल्फ झिलमन यांच्या उत्तेजन-संक्रमणाच्या सिद्धान्ताने याचे एक स्पष्टीकरण मिळते. भीतीने वाढलेली शारीरिक उत्तेजना लगेच ओसरत नाही. परिस्थिती पालटली की तीच उत्तेजना आनंदाच्या खात्यात जमा होते. ॲलनचा पाय तीन गुणांच्या रेषेमागे होता की नाही, हे पंचांनी चित्रफितीवर तपासले. त्या थांब्यात दोन्ही बाजूंचे चाहते काही काळ धड जिंकलेही नव्हते, धड हरलेही नव्हते.

शरीरातील बदल मोजलेही गेले आहेत. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बास्केटबॉल आणि फुटबॉल सामन्यांच्या प्रेक्षकांची लाळ तपासली गेली. विजयी संघाच्या चाहत्यांत टेस्टोस्टेरॉन वाढले, पराभूतांच्या चाहत्यांत घटले. मात्र प्रेक्षक मोजके आणि सर्व पुरुष होते, त्यामुळे निष्कर्ष जपूनच वापरावा.

जवळीक आणि अंतर

रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी 1976 मध्ये दाखवले, की अमेरिकन फुटबॉल संघ जिंकल्यानंतरच्या सोमवारी विद्यार्थी आपल्या विद्यापीठाची चिन्हे असलेले कपडे अधिक घालतात. पुढील संशोधनात याची दुसरी बाजूही मांडली गेली: अपयशी गटापासून माणूस अंतर राखतो. वाहतुकीची कोंडी टाळणे हे सामन्यातून लवकर उठून जाण्याचे उघड कारण. पराभव डोळ्यांदेखत घडू न देणे, हेही एक असावे. बाहेर पडलेल्यांना पुन्हा प्रवेश नव्हता. बरोबरी झाल्याचे कळताच परतलेले काही जण बंद दारांशी अडकले.

नियंत्रणाचा भास

चौथ्या सत्रात जेम्सच्या डोक्यावरील पट्टी निघाली आणि त्यानंतर तो जोमाने खेळला. पट्टीचा आणि खेळाचा संबंध अनेक चाहत्यांनी तत्काळ जोडला. आपल्या हाती नसलेल्या घटनांवर आपला प्रभाव आहे असे वाटणे, याचा अभ्यास एलेन लँगर यांनी 1975 मध्ये केला. ठरावीक जागी बसणे, ठरावीक जर्सी घालणे ही त्याचीच रूपे. निकालावर त्यांचा परिणाम शून्य असतो. चाहत्याची अस्वस्थता मात्र त्यांनी थोडी सुसह्य होते.

पुढे

अतिरिक्त वेळेत हीट 103-100 ने जिंकले. दोन दिवसांनी सातवा सामना 95-88 असा जिंकून त्यांनी विजेतेपद राखले. 2014 च्या अंतिम मालिकेत पुन्हा हेच दोन संघ भिडले आणि स्पर्सने ती 4-1 अशी जिंकली.