शेंगवाल्यांचे गोत

दिवाळीच्या पणत्या अंगणात तेवत असतात, त्याच सुमारास पनवेल तालुक्यातील भाताची खाचरे रिकामी होऊ लागतात. कापणी होते, भारे खळ्यावर जातात आणि मागे राहिलेल्या धसकटांखालची जमीन अजून ओली असते. ती ओल फुकट जाऊ द्यावयाची नाही म्हणून शेतकरी तिच्यात वाल पेरतो. पुढे त्या वालाला पाणी घालण्यास कोणी जात नाही. पावसाने मागे ठेवलेल्या ओलीवर तो वाढतो, पौषात शेंगांनी लगडतो आणि होळीच्या आगेमागे घरात येतो. 

माथेरानच्या डोंगरातून उतरून पनवेलच्या खाडीकडे जाणाऱ्या गाढी नदीच्या काठचे विचुंबे हे असेच भाताचे आणि वालाचे गाव. नवीन पनवेलहून पूल ओलांडला की आपण तेथे पोचतो. आमच्या मुंबईकर वाचकांपैकी पुष्कळांनी हे नाव प्रथम वाचले असेल ते फ्लॅटच्या जाहिरातीत; पण या गावच्या बांधांवर आणि नदीकाठी वनस्पतींचे एक फार मोठे खानदान पिढ्यान् पिढ्या नांदत आलेले आहे. त्याचे नाव शिंबावंत कुळ, सोप्या भाषेत शेंगवाले. जगात त्यांच्या सुमारे १९,५०० जाती आहेत. सूर्यफुलाचे आणि ऑर्किडचे अशी दोनच कुळे याहून मोठी.

‘कोठेही जा, पळसाला पाने तीनच’ असे आपण म्हणतो. म्हणणाऱ्याला ठाऊक नसते की ही तीन पाने एकट्या पळसाची मिरास नव्हे. पांगारा, वाल, तूर, कुळीथ, मूग, चवळी, कोणाचेही पान उचला, तीन दले मोजून घ्या. इतकी एकजूट असूनही या गोतावळ्यात एकाचे तोंड दुसऱ्यासारखे नाही. वालाचे फूल पंख मिटलेल्या फुलपाखरासारखे. बाभळीचे म्हणजे पिवळा गोंडा. बहाव्याचे पाच सरळ पाकळ्यांचे. म्हणून जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी फुले पाहून या कुळाच्या तीन वाटण्या करून दिल्या होत्या. २०१७ साली जगभरच्या अभ्यासकांनी रक्ताची नाती तपासून वाटण्या नव्याने केल्या. आता घरे झाली सहा. बाभूळ आणि लाजाळू बहाव्याच्या घरात राहावयास गेली, तर इतके दिवस बहाव्याबरोबर जेवणारे आपटा आणि चिंच आपापल्या वेगळ्या चुली मांडून बसले. भाऊबंदकी आपल्याकडेच असते असे नाही!

मात्र शेंग सर्वांकडे आहे, आणि तिचे घाट पाहत बसावे असे आहेत. नदीकाठच्या करंजाची शेंग तळहातावर घेतली तर दिवाळीतल्या ताटातील करंजीच कोणी उचलून आणली की काय असे वाटते. चिंचेचा आकडा, बहाव्याची हातभर लांब काळी नळी, स्पर्शाने अंगाची आग करणारी खाजकुइली, आणि वाळल्यावर लहान मुलाच्या हातात वाजणारा खुळखुळा, ही सगळी शेंगेचीच रूपे. गुंजेच्या शेंगेतील लाल-काळ्या बियांवर तर सोनारांनी पिढ्यान् पिढ्या सोने जोखले. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. ती बी भयंकर विषारी असते, हे सोने घेणाऱ्यांच्या फारसे ध्यानात येत नसे.

परंतु या कुळाची खरी करामत जमिनीखाली आहे. वालाचे रोप अलगद उपटून मुळ्या धुतल्या तर त्यांवर मोहरीएवढ्या, कोठे ज्वारीएवढ्या गाठी दिसतात. एखादी नखाने फोडा. आत गुलाबी निघाली तर समजावे की कारखाना चालू आहे. हा रंग आपल्या रक्तातील लाल द्रव्याच्या भावंडाचा. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो, पण झाडाला तो हवेतून घेता येत नाही. दारात नदी आणि घरात तहान, अशी ती गत. त्या गाठींत राहणारे जंतू हा नायट्रोजन झाडाला पचेल अशा रूपात आणून देतात आणि मोबदल्यात झाडाकडून साखर घेतात. मुळांतून पाझरणाऱ्या द्रव्याने जंतूला निमंत्रण जाते, जंतू आपल्या द्रव्याने उत्तर देतो, मग मूळरोम वाकून त्याला आत घेतो. पत्रिका जुळल्याखेरीज सोयरीक नाही. हरभऱ्याचा जंतू सोयाबीनला चालत नाही.

ही गोष्ट जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्ट यांनी १८८६ ते १८८८ या काळात सिद्ध केली, आणि १८८८ साली हॉलंडच्या बायेरिंक यांनी तो जंतू वेगळा काढून दाखविला. शेतकऱ्याला कारण ठाऊक नव्हते, पण कडधान्यामागून भात बरा येतो हे त्याच्या आज्यापणज्यालाही कळत होते. याच रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ थळ येथे युरियाचा प्रचंड कारखाना आहे. त्यासाठी लागणारा अमोनिया करावयास चारशे-पाचशे अंश उष्णता आणि हवेच्या शेकडोपट दाब लागतो. तेच काम वालाची गाठ थंडीच्या दिवसांत, बांधाच्या कडेला, आवाज न करता उरकते.

येथे एक खुलासा केला पाहिजे. शेंग आली म्हणजे गाठ आलीच असे नाही. करंज, पळस, पांगारा, शिरीष गाठी धरतात. बहावा, आपटा, चिंच, गुलमोहर धरत नाहीत. नव्या वसाहतींच्या रस्त्यांवर शोभेसाठी लावतात ते बहुधा मादागास्करहून आलेला गुलमोहर किंवा बहावा. दोन्ही देखणे, त्यांच्याशी माझे भांडण नाही. पण गावाने बांधावर करंज ठेवला होता तो नुसत्या डोळ्यांसाठी नव्हता.

वालाकडे परत येऊ. मोड आणून, सोलून केलेले बिरडे ज्या घरात होते त्या घराला त्याची थोरवी सांगावयास नको. सोलण्याचे किचकट काम मात्र घरातील बायकांच्याच वाट्याला येते, हेही लिहून ठेवावे. आणि थंडीतली पोपटी! मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, वर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या कोवळ्या शेंगा, पुन्हा पाला. मडके पालथे घालून भोवती पेंढा आणि काटक्या पेटवावयाच्या. पाण्याचा थेंब घालावयाचा नाही. शेंगांच्या स्वतःच्या ओलाव्यावर त्या शिजतात. ही मेजवानी शेतातच रंगते. गच्चीवर तिची नक्कल होते, पण गच्चीत वाल पिकत नाही.

१९७० साली सिडको स्थापन झाली. २०१३ साली नियोजित विमानतळाभोवतीच्या गावांसाठी ‘नैना’ क्षेत्र ठरले आणि २०१७ साली ज्या २३ गावांचा विकास आराखडा मंजूर झाला त्यांत विचुंबे आहे. घरे हवीत, विमानतळही हवा. त्या घरांत तुमच्या-आमच्यासारखेच लोक राहावयास येतात. पण खाचरावर भराव पडला की भात आणि वाल दोन्ही एकदमच जातात, कारण दोघांना तीच एक जमीन लागते.

भराव टाकून पत्र्याचे कुंपण घातलेली जागा एखादा पावसाळा तशीच राहिली तर तेथे पहिल्या सरींत टाकळा उगवतो. त्याच्या पानांवर पिवळी फुलपाखरे अंडी घालतात, आणि ठाकूर-कातकरी बाया तोच टाकळा खुडून पनवेलच्या बाजारात भाजीला आणतात. मागोमाग लाजाळू येते. यांच्या बियांची साल इतकी टणक की त्या मातीत कित्येक वर्षे रुजण्याची वाट पाहत पडून राहतात. वालाचे तसे नाही. माणसाने त्याला शेकडो पिढ्या निवडून, पेरून घरचा केला आणि त्या सोबतीत त्याची वाट पाहण्याची ताकद बरीच गेली. राखेत घोळून मडक्यात ठेवलेले बियाणे दोन-तीन हंगाम न पेरता राहिले की त्यातील थोडेच रुजते.