राजीचा त्रिशूळ आणि कीचकाची दरी

चिखलदऱ्याच्या कड्यावर उभे राहिले की जाणती माणसे खालच्या खोल दरीकडे बोट दाखवतात. द्रौपदीचा छळ करणाऱ्या कीचकाला भीमाने मारून याच दरीत फेकले आणि ‘कीचकदरा’वरून चिखलदरा हे नाव पडले, अशी वऱ्हाडात श्रद्धा आहे. भीमकुंडात त्याने हात धुतले, असेही सांगतात. कथा ऐकणारा मात्र कड्यावरच उभा राहतो, त्याला आत उतरता येत नाही. ही उतरण्याची वाट व्हिडिओ गेमने खुली केली आणि आपल्या पुराणांपर्यंत ती नेण्याचा लक्षणीय प्रयत्न महाराष्ट्रातच, पुण्यात झाला.

‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या पुण्याच्या स्टुडिओचा खेळ. 2017 मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला, तरी काम थांबले नाही. 2020 मध्ये खेळ बाजारात आला आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या स्वतंत्र खेळांच्या गटात त्याला नामांकन मिळाले.

राजी ही डोंबाऱ्यासारख्या कसरती करणारी मुलगी. राखीपौर्णिमेला असुर हल्ला करतात आणि तिचा धाकटा भाऊ गोलू पळवला जातो. दुर्गा राजीला त्रिशूळ देते, पुढे विष्णूचे शार्ङ्ग धनुष्यही मिळते. राजी खांबाला धरून गरकन फिरते, भिंतीवर धावत चढते आणि तिथूनच असुरावर झेप घेते. तिची कसरत हेच तिचे शस्त्र होते. हे या खेळाचे पहिले बळ. दुसरे बळ कथनात आहे. दुर्गा आणि विष्णू आपसांत बोलत गोष्ट पुढे नेतात, भिंतींवरच्या चित्रांपाशी थांबले की पुराणकथा उलगडतात. राजस्थानी किल्ले आणि पहाडी चित्रशैली यांच्या छायेत रंगवलेली दृश्ये डोळ्यांत साठून राहतात.

उणिवाही ठळक आहेत. पाच-सहा तासांत खेळ संपतो आणि शेवट अर्ध्यावर तोडल्यासारखा वाटतो. लढाया पुढेपुढे एकसारख्या होतात. कॅमेरा खेळणाऱ्याच्या हाती नसल्याने उडीचा अंदाज चुकतो. सर्वांत मोठी मर्यादा निवडीची. भूमिकाप्रधान म्हणजे रोल-प्लेइंग खेळात आपल्या निर्णयाने कथा वळण घेऊ शकते. ‘राजी’ त्या प्रकारातला नाही, त्यात वाट एकच. 2022 च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आले, पण रचना तीच राहिली.

तरीही ‘राजी’ने एक गोष्ट सिद्ध केली: आपल्या मातीतली कथा जगभरचा खेळाडू मन लावून खेळतो. अशा कथांना आणि त्यांना शोभणाऱ्या दृश्यांना वऱ्हाडात तोटा नाही. अकोला जिल्ह्यात नरनाळा किल्ल्याचा महाकाली दरवाजा 1487 पासून आपले कोरीवकाम मिरवत उभा आहे. अमरावती जिल्ह्यात वर्धेकाठचे कौंडण्यपूर रुक्मिणीचे माहेर मानले जाते आणि तिची पालखी आषाढीला पंढरपुरी जाते. अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून कृष्णाने तिला नेले, असे लोक सांगतात. ‘मला घेऊन जा’ असा निरोप कृष्णाला धाडायचा की नाही, हा निर्णय रुक्मिणीचा होता. ‘राजी’त जे उणे आहे, ते या कथेच्या गाभ्यातच आहे. उद्या अमरावती-अकोल्याच्या एखाद्या मुलामुलीने ती खेळात उतरवली, तर पहिला निर्णय त्यांनी खेळणाऱ्याच्या हाती द्यावा.