मिठाच्या डब्यातली काटकसर

दात कोरून पोट भरत नाही, ही म्हण बहुधा काटकसर करणाऱ्याची थट्टा करण्यासाठी वापरतात. पण तिच्यात शहाणपण आहे. चहातली साखर अर्धा चमचा कमी केल्याने संसार सावरत नाही. पैसा जिथून घागरीने वाहून जातो, तिथे बूच बसवावे लागते. बेळगाव-खानापूर भागातील आपल्या भात पिकवणाऱ्या कुटुंबांचा पैसा पावसाळ्याच्या तोंडावर दोन वाटांनी जातो : एक बियाणे, दुसरी दवाखाना. या दोन्ही वाटांवर स्वयंपाकघरातले मीठ उपयोगी पडते, तेच आज सांगावयाचे आहे.

आधी बियाणे पाहू. 25 मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्र लागते आणि धूळवाफ पेरणीची घाई सुरू होते. बियाण्याची पिशवी अनेक घरांत उधारीवर येते, आणि ती उधारी सुगी झाल्यावर फिटते. संकरित बियाणे असेल तर दरवर्षी विकत घेण्यावाचून गत्यंतर नाही, कारण त्याच्या पिकातून राखलेले बी एकसारखे येत नाही. परंतु इंद्रायणीसारखा सुधारित वाण किंवा आपला जुना गावठी वाण असेल, तर घरचे बी चालते. मात्र ते निवडून घेतले पाहिजे.

निवडीची रीत अशी. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवावे. त्यात थोडे थोडे बी ओतून ढवळावे व पाणी स्थिर होऊ द्यावे. पोचट, अर्धवट भरलेले आणि रोगट दाणे हलके असल्यामुळे वर तरंगतात. ते चाळणीने काढून टाकावेत. तळाशी राहिलेले जड बी लगेच उपसून दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुवावे आणि सावलीत वाळवावे. धुण्यात आळस करू नये, मीठ अंगाला राहिले तर उगवण मार खाते. उरलेले खारे पाणी शेतात किंवा माडाच्या आळ्यात ओतू नये.

जड बीसुद्धा उगवेलच असे नाही. म्हणून पेरणीपूर्वी पंधरा दिवस 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटावर ओळीने मांडावेत, गुंडाळी करून सावलीत ठेवावी व ओल टिकवावी. सात-आठ दिवसांनी उघडून कोंब मोजावेत. 80 किंवा अधिक उगवले तर निर्धास्त पेरा. 60-70 आले तर त्या मानाने बी वाढवा. निम्मेही आले नाहीत तर मात्र दुकानात जा. तिथे हात आखडू नये, कारण विरळ उगवलेल्या शेताची भरपाई पुढे कशानेही होत नाही.

आता दवाखाना. पेरणी-लावणीच्या दिवसांत अंग मोडून येते आणि माणूस म्हणतो, “एक सलाईन लावून घेतो, ताकद येईल.” त्यासाठी शेकडो रुपये मोजले जातात. त्या बाटलीत काय असते? साध्या सलाईनच्या अर्धा लिटरच्या बाटलीत पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ असते. सपाट भरलेला चहाचा एक चमचासुद्धा त्याहून जास्त होईल. ग्लुकोजची बाटली असेल तर 25 ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे साधारण सहा चमचे साखरेइतके. ज्याला तोंडाने पिता येते, त्याच्या थकव्यावर या बाटलीत कोणतीही जादू नाही. मीठ घातलेली वाटीभर पेज, त्यावर डाळ किंवा अंडे आणि रात्रीची झोप यांनी जास्त ताकद येते. थकवा आठवडे टिकला, तर रक्त तपासून घ्यावे. आपल्या आयाबहिणींत त्याचे कारण पुष्कळदा पंडुरोग असतो, आणि तो सलाईनने हटत नाही.

हगवण लागली तर मात्र पाणी-मीठ हेच खरे औषध. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चव अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. लागली तर ते पाणी ओतून द्यावे व पुन्हा करावे. लहान मुलाला चमच्या-चमच्याने पाजावे, अंगावरचे दूध तोडू नये, आणि 24 तासांनंतर उरलेले टाकून द्यावे. आशाताईंकडे किंवा सरकारी आरोग्य केंद्रात ओआरएसची पाकिटे फुकट मिळतात. ती घरात असणे अधिक चांगले.

पण मूल मलूल पडले, डोळे खोल गेले, लघवी थांबली, शौचातून रक्त पडले किंवा पोटात काहीच टिकत नसले, तर त्याच क्षणी इस्पितळ गाठावे. तिथे सलाईन प्राण वाचवते, आणि तिथे पैशाचा हिशोब करणे हे पाप आहे असे मी स्पष्ट म्हणतो.

मिठातही एक खोटी काटकसर चालते. दोन-चार रुपये वाचावेत म्हणून बिनआयोडीनचे खडे मीठ स्वयंपाकात वापरले जाते. बियाण्याला ते चालेल, ताटात नको. आयोडीन कमी पडले तर गलगंड होतो, आणि गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. आयोडीनयुक्त मिठाचा डबा झाकून, चुलीपासून दूर ठेवावा. याचा अर्थ मीठ सढळ हाताने घालावे असा नाही. माणशी दिवसाला पाच ग्रॅम पुष्कळ झाले, आणि पावसाळ्यातली सुकी मासळी व लोणचे हे त्यातच मोजावयाचे. (सुकी मासळी मलाही आवडते, म्हणून हे लिहिताना जीवावर येते.) रक्तदाबाच्या माणसाने तर थकव्यासाठी मीठपाणी पिऊच नये.

मिठाच्या पाण्यात बी निवडताना प्रत्यक्ष पाहावयाचे असेल, त्यांनी येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर चर्चच्या मागच्या पडवीत यावे. प्रत्येकाने आपल्या घरचे एक मापटे बी आणावे. मीठ आणि बादल्या इथे आहेत.